बारा खाटा, दोन टाक्या

सकाळी नऊ चाळीसला नियंत्रण कक्षातून फोन आला, तेव्हा मी काटोळीच्या ग्रामपंचायतीत बसून घरकुलाच्या यादीवर सह्या ठोकत होतो. बाहेर तीन दिवसांपासून पाऊस चालू होता.

"काटोळीचे ग्रामसेवक का?"

"हो, धम्मानंद बोलतोय."

"तुमचं तात्पुरतं उपचार केंद्र ताबडतोब सुरू करा. भोसगावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन गॅस गळालाय. चार जणांना त्रास होतोय, एक गंभीर आहे. पंप ऑपरेटर, शेषराव नाव. कयाधू नदीच्या पुलावर पाणी आहे, हिंगोलीला गाडी येऊ शकत नाही, तालुक्याचा दवाखाना लांब पडतो. रुग्णवाहिका दहा वाजता भोसगावातून निघेल. गाडीत ऑक्सिजनची एकच टाकी आहे, तासभर पुरेल. तुमच्याकडे बारा खाटा आणि दोन ऑक्सिजन टाक्या दिसतायत. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

ते 'बरोबर' तोंडातून कसं गेलं, हे मला सांगता येत नाही असं मी नंतर चौकशीत म्हणालो. सांगता येतं. पंधरा वर्षं मी वरून आलेल्या प्रत्येक फोनला 'बरोबर' म्हणत आलो होतो. जीभ सरावली होती, दुसरं काही नाही.

खरी गोष्ट अशी की काटोळीत उपचार केंद्र नव्हतंच. म्हणजे होतं, पण मे महिन्यात, एकच तास. तालुक्याहून आदेश आला होता. निवडलेल्या गावांनी पावसाळ्याआधी आपत्तीसाठी तात्पुरतं उपचार केंद्र सज्ज ठेवावं, त्याची रंगीत तालीम घ्यावी, आणि ज्यावर तारीख-वेळ-ठिकाण उमटतं असे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावेत. मुदत चार दिवस. खाटा कुठून आणायच्या, ऑक्सिजन कोण देणार, याबद्दल त्या दोन पानांत एक ओळ नव्हती. आमच्याकडे काम असंच येतं आणि आम्ही ते असंच उरकतो. तातेराव मंडपवाल्याच्या बारा लोखंडी खाटा आणून मी शाळेच्या दोन खोल्यांत मांडल्या. वर उपकेंद्रातल्या पांढऱ्या चादरी. ऑक्सिजनच्या दोन टाक्या कनेरगाव नाक्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून उचलल्या. दवाखान्याच्या टाकीची मान पांढरी असते हे कोविडात बघून ठेवलं होतं, म्हणून दोन्ही टाक्यांच्या मानेला मी स्वतःच्या हातानं चुना फासला. फोटो झकास आले. तालुक्याच्या बैठकीत ते पडद्यावर दाखवून साहेब म्हणाले, "काम असं पाहिजे." मी नव्या नवरीसारखी मान खाली घालून बसलो होतो.

आमच्या घरात सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिला. त्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन करून हे सगळं सांगितलंसुद्धा, चुन्याचं सोडून.

आणि आता त्या केंद्राकडे शेषराव येत होता. शेषराव मूळचा काटोळीचाच. मी इथं नवा आलो तेव्हा पाइपलाइन फुटली होती आणि अख्खं गाव ग्रामपंचायतीसमोर हंडे घेऊन उभं होतं. मला व्हॉल्व्ह कशाशी खातात ते माहीत नव्हतं. हा माणूस गुडघाभर चिखलात दिवसभर माझ्यासोबत उभा राहिला. कोणत्या गल्लीला पाणी कधी सोडायचं, कोण उगाच भांडतं, कोणाचं ऐकावं, सगळं त्यानं शिकवलं. नंतर भोसगावच्या पाणी योजनेवर त्याला काम लागलं. त्याची बायको पद्माबाई तिथंच अंगणवाडीत मदतनीस. रस्त्यात भेटले की दोघंही "जय भीम, भाऊ" करून चहाला थांबवायचे.

शहाण्या माणसानं त्याच क्षणी उलटा फोन केला असता. मी मोटारसायकलला किक मारली. मला वाटलं, अजून वेळ आहे. गाडी यायच्या आत खाटा आणि टाक्या मिळवल्या तर खोटं होतं ते खरं होऊन जाईल आणि कोणाला काही कळणारही नाही. एवढी अक्कल मी त्या सकाळी चालवली.

तातेराव गोदामाच्या दारात बसून ताडपत्र्या मोजत होता.

"खाटा काढ. बाराच्या बारा. आत्ता."

"खाटा जवळा बाजारला गेल्या ना साहेब, सप्त्याला. परवा येत्यात."

"एखादी तरी असंल?"

"गाद्या हायत. लागंल तेवढ्या घ्या." मग तो डोळे बारीक करून हसला. "काहून, परत फोटो काढायचा हाय का? मे महिन्यात लई फिरल्या बगा माझ्या खाटा. तुमचं झालं की येळंबी, मंग पुढं सहा गावं. आठ गावांचे फोटो निघाले एकाच लॉटवर."

येळंबीचं मला माहीत होतं. तिथले ग्रामसेवक मार्तंडराव, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी मीच खाटा पाठवल्या होत्या, टाक्यांसकट. बाकीची सहा गावं मात्र मला नवीन होती. एरवी मी पोट धरून हसलो असतो. आता त्या माणसाच्या दातांचाच राग आला. टेम्पोत दहा गाद्या टाकून शाळेत पाठव, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो आणि वेल्डिंगवाल्याला फोन लावला.

"टाक्या? दोनी रिकाम्या हायत साहेब. भराया नांदेडला गेल्या. सांजच्याला येतील."

मी त्याला शिव्या घातल्या. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नसेल.

शाळेत पोचलो तेव्हा दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. मुलांना गुरुजींनी घरी पाठवलं होतं. उपकेंद्राच्या नर्स आकांक्षा मॅडम आधीच आल्या होत्या. त्यांनाही नियंत्रण कक्षाचा फोन गेला होता. खोलीतली बाकं त्यांनी एकटीनं भिंतीला लावली होती, सलाइनच्या बाटल्यांसाठी खिडकीच्या गजाला दोरी बांधली होती, वाफ द्यायचं यंत्र टेबलावर मांडलं होतं.

"टाक्या कुठंयत सर?"

"गाद्या येऊन राहिल्यात. टेम्पो निघालाय."

"मी गाद्यांचं नाही विचारलं."

मी दाराबाहेर टेम्पोच्या वाटेकडे बघितलं. त्यांना समजलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडू शकलो असतो.

"सर, खाट नसली तर मी माणसाला भिंतीला टेकवून बसवीन. क्लोरीन छातीत गेलाय, त्याला ऑक्सिजन लागतो. तो नसला तर माझ्यासमोर तडफडून जाईल तो आणि मी नुसती बघत बसेन. धर्मसिंगचा फोन लावून बघतेय मघापासून, तो रुग्णवाहिकेवर आहे. लागत नाही, भोसगावकडं रेंज नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "मेमध्ये मी म्हणाले होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, एक फोटो तर आहे मॅडम. मीपण सही केली. माझीपण चूक आहे. आता नियंत्रण कक्षाला तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो."

नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. आपत्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहायला गेलो, तर तिथं फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. आम्ही फक्त फोटो टाकायचे, तेही गट उघडला की. तिसऱ्यांदा व्यस्त. खरं सांगतो, तिसऱ्या वेळी व्यस्त लागलं तेव्हा पोटात कुठंतरी हायसं वाटलं. आपण प्रयत्न केला, लागला नाही, एवढं म्हणायला जागा झाली होती. आकांक्षा मॅडम माझ्याकडे बघत होत्या म्हणून चौथ्यांदा लावला. दहा तेराला लागला.

"साहेब, काटोळीत ऑक्सिजन नाही."

"नाही म्हणजे? संपला का?"

किती सोपं होतं. 'हो, संपला' म्हटलं की झालं. संपण्यात कोणाची चूक नसते. तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता.

"संपला नाही. नव्हताच. फोटो खोटे होते. टाक्या वेल्डिंगच्या होत्या."

पलीकडे टायपिंगचा आवाज थांबला. मग तो माणूस थंडपणे म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. "ठीक आहे. गाडी काटोळीच्या फाट्यावरून आत आलीय, मी तिला माघारी फिरवतो. येळंबीला पाठवतो. तिथं दोन टाक्या आहेत."

"साहेब, येळंबीत..."

फोन ठेवून दिला होता. पुन्हा लावला, व्यस्त.

मी शाळेच्या पायरीवर बसलो. येळंबीच्या त्या दोन टाक्या म्हणजे माझ्याच टाक्या. त्यांच्या मानेला माझ्याच हातचा चुना. आता शेषरावला घेऊन गाडी एका फोटोतून दुसऱ्या फोटोत निघाली होती.

मार्तंडरावांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"धम्मा, अरे आत्ताच नियंत्रण कक्षाचा आला होता. काटोळीनं ऑक्सिजन नाही म्हणून सांगितलं, तुमचं केंद्र सुरू आहे का विचारत होते. मी हो म्हणालो."

"काहून म्हणालात? टाक्या कुठंयत तुमच्याकडं?"

"मग काय म्हणू? तीन महिने राहिलेत माझे. एकतीस ऑक्टोबरला सुटतो. छत्तीस वर्षांत एक नोटीस नाही मला." त्यांचा आवाज चिरकत होता. "गाडीत डॉक्टर आहेत ना, ते बघतील काहीतरी. तू तुझं सांगून मोकळा झालास, चांगलं केलंस. माझं नको काढू रे."

हेच मार्तंडराव माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा तीन रात्री माझ्याबरोबर फरशीवर झोपले होते. चारचौघांत मला धाकटा भाऊ म्हणायचे, आणि कोणी काही बोललं तर त्याला ऐकवायचे. दप्तर कसं लिहायचं, वरच्याला काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

"मार्तंडराव, गाडीत शेषराव हाय."

शेषरावला तेही ओळखत होते. येळंबीची मोटर बसवायलाही तोच गेला होता.

"तुमी सांगता का मी सांगू?"

"तू सांगितलंस ना धम्मा, तर मेलो तरी तुझं तोंड बघणार नाही."

मी फोन बंद केला. रडू येत होतं आणि त्याचाच संताप येत होता, कारण रडायची ही वेळ नव्हती आणि रडायचा हक्क माझा नव्हता. तेवढ्यात आकांक्षा मॅडमनी त्यांचा फोन माझ्या कानाला लावला. "लागला. धर्मसिंग आहे."

"धर्मसिंग, कुठपोतर गेला?"

"येळंबीच्या रस्त्याला हाव साहेब. चार किलोमीटर राहिलं."

"गाडी वळव. येळंबीत काई न्हाई."

"आत्ता तं कंट्रोलनं सांगितलं! फोटो पाठवला मला. दोन टाक्या दिसून राहिल्यात."

"त्या माझ्या टाक्या हायत. वेल्डिंगच्या. दोनी रिकाम्या, नांदेडला गेल्यात. फोटो खोटा हाय. सरळ तालुक्याला ने, ग्रामीण रुग्णालयात. मधी कोणी काई बी सांगू दे, थांबू नको."

"साहेब, आधी तुमच्याकडं, मंग इकडं, आता तिकडं..." त्याच्या आवाजामागे खोकला ऐकू येत होता. तसा खोकला मी आधी कधी ऐकला नव्हता. एकेक ढास संपायला तयार नव्हती. त्यावरून एक बाई ओरडली, "कोण बोलून राहिलं? काय म्हणतो त्यो?" पद्माबाई होती.

डॉक्टरांनी फोन घेतला. "कोण तुम्ही? नक्की सांगताय?"

"नक्की. काटोळीचा ग्रामसेवक. त्या फोटोतल्या टाक्या मीच रंगवून पाठवल्या होत्या."

"टाकीचा काटा निम्म्यावर आलाय. तालुका इथून चाळीस किलोमीटर आहे हो." मग फोनपासून दूर होत त्यांचा आवाज आला, "वळव रे, वळव."

दहा चोवीस झाले होते.

मग नियंत्रण कक्ष लागला. गाडी मी तालुक्याला वळवली, हे सांगितलं. येळंबीचं सांगितलं. तातेरावकडून बाकी सहा गावांची नावं विचारून घेतली आणि तीही एकामागोमाग एक सांगितली. तो माणूस फक्त "पुढं?" म्हणत लिहून घेत होता. तेवढ्यात दहा गाद्या घेऊन टेम्पो शाळेच्या दारात उभा राहिला आणि तातेरावनं विचारलं, कुठं उतरवू.

मोटारसायकलवर मी तालुक्याला निघालो. पाऊस तोंडावर मारत होता, ओढ्याच्या दोन पुलांवरून पाणी जात होतं, दोन्ही वेळा मी गाडी ढकलत पार केली. वाटेत फोन वाजत राहिला. साहेबांचा असेल, मार्तंडरावांचा असेल, सहा गावांपैकी कोणाचा असेल. मी उचलला नाही. मनात एकच चालू होतं, पोचू दे, एवढं एक पोचू दे, मग माझी नोकरी घे, काय घ्यायचं ते घे. कोणाला म्हणत होतो कोण जाणे. देवाधर्माचं मी कधी केलं नाही.

साडेअकरा वाजून गेले होते. रुग्णवाहिका दवाखान्याच्या दारातच उभी होती, मागचं दार उघडं. गॅस लागलेले तिघं ओसरीत बसून वाफ घेत होते, डोळे लाल, पण धड होते. धर्मसिंग गाडीच्या पायरीवर बसला होता. मला बघून तो उठला नाही.

"तालुक्याच्या फाट्याच्या अलीकडं टाकी संपली," तो म्हणाला. "मंग डॉक्टरनं आन बाईनं तोंडावर हवेची रबराची पिशवी दाबत दाबत आणलं. दारात आलो आन गेला. सरळ इकडंच आलो असतो ना साहेब, तं पुरली असती टाकी."

पद्माबाई आत बाकावर बसली होती. पदर ओला, उजव्या हाताची बोटं आखडून तशीच राहिलेली. पिशवी दाबून दाबून ती उघडत नव्हती. शेजारी दोन नर्स उभ्या होत्या. मी समोर गेलो. तिनं वर बघितलं आणि तोच आखडलेला हात पुढं करून माझं मनगट धरलं.

"धम्मानंद भाऊ," ती म्हणाली, "तुमी फोन केला म्हणून गाडी वळली. ड्रायव्हर सांगत व्हता मला. आपली नोकरी जाईल हे बी पाह्यलं न्हाई तुमी. न्हाई तं तिकडं रानातच गेले असते माझे मालक. तुमच्यामुळं दवाखान्याच्या दारापोतर तरी आले."

एका नर्सनं माझ्याकडे आदरानं बघितलं. तिथं, त्या बाकासमोर, मी चांगला माणूस झालो होतो. काहीही न बोलता तसंच राहता आलं असतं. पद्माबाईनं आयुष्यभर तेच सांगितलं असतं, गावालाही आणि मलाही.

"पद्माबाई, मला सकाळीच माहीत होतं."

तिला कळलं नाही. "काय माहीत होतं?"

"नऊ चाळीसला मला फोन आला होता. तुमची गाडी तेव्हा भोसगावातून निघाली पण नव्हती. काटोळीत टाक्या न्हाईत, येळंबीत बी न्हाईत, मला तेव्हाच माहीत होतं. मी तेव्हा सांगितलं असतं तर तुमी सरळ इथं आले असते." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मी सव्वादहाला सांगितलं."

माझ्या मनगटावरचा तिचा हात तसाच होता. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. अंगणवाडीत एखाद्या लेकरानं मधेच काहीतरी भलतंच सांगितलं, की ते नीट समजून घ्यायला बघतात, तसं.

"म्हणजे अर्ध्या घंट्याच्या वर," ती म्हणाली. "मंग तेवढा येळ तुमी काय करून राहिले व्हते, भाऊ?"

"खाटा हुडकत होतो," मी म्हणालो.